सुपारीच्या बेटावर शिकताना

मलेशियाच्या पश्चिम किनाऱ्याला लागून, मलाक्काच्या सामुद्रधुनीत पिनांग नावाचे बेट आहे. मधोमध जंगलाने झाकलेला डोंगर, कडेकडेने वस्ती आणि पूर्वेच्या टोकाला जॉर्ज टाऊन हे जुने बंदर. मलय लोक या बेटाला 'पुलाऊ पिनांग' म्हणतात. पुलाऊ म्हणजे बेट आणि पिनांग म्हणजे सुपारी. मी श्रीवर्धनची. आमच्या गावची ओळख रोठा सुपारीमुळे आणि आमच्या घरामागेही लहानशी वाडी होती. २००७ साली भाषाशिक्षणाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी मी तिथे जायचा विषय घरात निघाला, तेव्हा नावाचा अर्थ ऐकून अब्बा एवढेच म्हणाले, "म्हणजे एका वाडीतून दुसऱ्या वाडीत." थोरले भाई आधीपासून बेटाच्या दक्षिणेला बायान लेपासच्या एका कारखान्यात इंजिनीअर होते, म्हणून घरच्यांची काळजी निम्मी झाली. उरलेली निम्मी अम्मीने दोन वर्षे सांभाळली.

परदेशी शिकून आलेल्या माणसाकडून लोकांना उंच इमारतींच्या आणि स्वच्छ रस्त्यांच्या गोष्टी ऐकायच्या असतात. पिनांगमध्ये दोन्ही आहेत. पण त्या बेटाने मला जे दिले, ते शब्दांच्या रूपाने दिले. आज मी शाळेत उर्दू आणि मराठी असे दोन्ही विषय शिकवते आणि दोन्ही तासांना ते बेट आठवते.

बोटीवरून विद्यापीठात

मुंबईहून विमानाने क्वालालंपूर, तिथून बसने बटरवर्थ आणि बटरवर्थहून बोटीने बेटावर, असा माझा पहिला प्रवास झाला. बेटाला मुख्य भूमीशी जोडणारा साडेतेरा किलोमीटरचा पूल १९८५ पासून आहे, पण भाई मुद्दाम मला बोटीने घेऊन गेले. ही बोटसेवा १८९४ पासूनची. खाली गाड्या आणि वर माणसे. तेव्हा बेटावर जाताना एक रिंगिट वीस सेन तिकीट पडायचे आणि परत येताना काहीच नाही. भाई म्हणायचे, "इथे यायला पैसे पडतात, सोडून जायला कोणी अडवत नाही."

माझे विद्यापीठ म्हणजे युनिव्हर्सिटी सेन्स मलेशिया. १९६९ साली स्थापन झालेले हे विद्यापीठ मिंडेन नावाच्या टेकडीवर, ब्रिटिश फौजेच्या जुन्या छावणीच्या जागेवर आहे. वर्षावृक्षांच्या मोठमोठ्या छत्र्या आणि दुपारी हमखास कोसळणारा पाऊस. हवा थेट कोकणाची, फक्त तिथे पाऊस चार महिने मुक्काम करून जात नाही, वर्षभर येऊन जाऊन असतो.

पहिल्याच दिवशी वसतिगृहाच्या पाटीवर शब्द दिसला, 'देसासिस्वा'. देसा म्हणजे देश, गाव आणि सिस्वा म्हणजे शिष्य. शिष्यांचे गाव! विद्यापीठातल्या मुलाला 'महासिस्वा' आणि मुलीला 'महासिस्वी'. ग्रंथालयाला 'परपुस्ताकाआन', त्यात मधोमध आपले पुस्तक बसलेले. कपडे धुण्याच्या दुकानावर 'डोबी', सुट्टीला 'चुती', खुर्चीला 'करुसी' आणि भेटल्यावर विचारायचे, 'अपा खबर?' म्हणजे काय खबर. महिनाभरात मला कळले की या भाषेत संस्कृत, अरबी, फारसी, तमिळ, पोर्तुगीज असे सगळे पाहुणे राहायला आले आणि घरचेच होऊन गेले. बंदराच्या भाषा अशाच असतात. आमच्या कोकणच्या बोलीतही हे सगळे पाहुणे आहेतच.

काही शब्दांनी हसवले. मलयमध्ये नवऱ्याला 'सुआमी' म्हणतात आणि बायकोला 'इस्तेरी'. मागणी घालण्याला 'मेमिनांग' म्हणतात. त्यात पिनांग, म्हणजे सुपारी आहे, कारण पूर्वी मुलीच्या घरी पान-सुपारी घेऊन जायची रीत होती. आपल्याकडेही लग्न ठरले की सुपारी फुटते. हे मी वर्गात सांगितले तेव्हा आमच्या शिक्षिकेने ते वहीत लिहून घेतले.

खाणे आणि नमाज

विद्यापीठाच्या भोवतालच्या भागाचे नाव गेलुगोर. हे नाव 'आसाम गेलुगोर' या आंबट फळाच्या झाडावरून आले. त्या फळाच्या वाळवलेल्या चकत्या कालवणात घालतात. हे झाड आपल्या कोकमाच्याच कुळातले. पिनांगचा प्रसिद्ध 'आसाम लाक्सा' म्हणजे माशाचे आंबट-तिखट कालवण, त्यात तांदळाच्या जाड शेवया, वर पुदिना, काकडी, अननसाचे तुकडे. पहिला घोट घेतला आणि मला आमच्या घरचे आमसूल घातलेले बांगड्याचे सार आठवले. त्यांचा 'बेलाचान' म्हणजे कोळंबीच्या जातीचे बारीक मासे आंबवून केलेली वडी. इतर देशांतल्या मुली नाक दाबायच्या. सुकट-जवळ्यावर वाढलेल्या मला त्यात काही वावगे वाटले नाही.

'नासी कांदार' हे पिनांगचे दुसरे वैभव. नासी म्हणजे भात आणि कांदार म्हणजे खांद्यावरची कावड. तमिळ मुस्लिम विक्रेते पूर्वी कावडीच्या एका बाजूला भात आणि दुसऱ्या बाजूला सालन घेऊन बंदरावरच्या कामगारांना वाढायचे. कावडी गेल्या, दुकाने झाली, पण नाव तेच राहिले. भातावर तीन-चार सालने एकत्र ओतून हवी असतील तर 'बांजिर' म्हणायचे, म्हणजे पूर! तेव्हा एका रिंगिटला साधारण बारा-तेरा रुपये पडत. त्यामुळे महिन्याच्या सुरुवातीला आमच्या ताटात पूर आणि अखेरीला ओहोटी असायची.

आणखी एक सुख होते, आणि ते मुलींना विशेष जाणवायचे. बसस्थानक असो की बाजारपेठ, बायकांच्या नमाजाची वेगळी जागा जवळपास असतेच. तिथे 'तेलेकुंग', म्हणजे नमाजासाठी अंगावर घ्यायची पांढरी सैल वस्त्रे, टांगून ठेवलेली असतात. कोणीही यावे, वजू करून ती घालावीत, नमाज पढावी आणि पुन्हा टांगून जावे. विद्यापीठाच्या मस्जिदीत रमजानमध्ये आम्ही मुली रोज तरावीहला जायचो. आठ रकातींनंतर काही जणी निघायच्या, काही वीसपर्यंत थांबायच्या. कोणी कोणाकडे वळून पाहत नसे. मुंबईहून अम्मी फोनवर विचारायची, "एवढ्या रात्री मस्जिदीतून परत कोणाबरोबर येतेस?" मी सांगायची, "शंभर जणींबरोबर."

एका रस्त्याची गोष्ट

१७८६ साली फ्रान्सिस लाइटने ईस्ट इंडिया कंपनीच्या नावे या बेटावर झेंडा लावला. बंदर उभे राहिले तसे चीन, सुमात्रा, अरबस्तान आणि हिंदुस्थानातून लोक आले. जॉर्ज टाऊनमध्ये एकाच रस्त्याच्या कडेने चालत गेले तर काही मिनिटांत चर्च, चिनी देवीचे मंदिर, मारीअम्मनचे देऊळ आणि कपितान केलिंग मस्जिद लागते. २००८ च्या जुलैमध्ये मलाक्का आणि जॉर्ज टाऊन या दोन्ही शहरांना युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, तेव्हा मी तिथेच होते.

कपितान केलिंग मस्जिद १८०१ सालची, हिंदी मुस्लिमांनी उभारलेली. हिंदी वस्तीच्या प्रमुखाला तेव्हा 'कपितान केलिंग' म्हणत. केलिंग हा शब्द कलिंगवरून आला, त्याचा अर्थ एवढाच की कलिंगच्या बाजूचा, हिंदी माणूस. मस्जिदीच्या नावात तो मानाने बसला आहे. पण रस्त्यावर आज तोच शब्द हिणवण्यासाठी वापरतात. बसमध्ये एकदा मागच्या बाकावरून तो माझ्या कानावर आला. शब्दाचा मान बोलणाऱ्याच्या मनावर ठरतो, हे मी तेव्हा शिकले. बेट सुंदर होते म्हणून तिथले सगळेच सुंदर होते, असे मी म्हणणार नाही. मलय, चिनी आणि तमिळ मुले वर्गात एकत्र बसायची, पण जेवायला बहुतेक वेळा वेगवेगळ्या टेबलांवर जायची.

तिथून थोड्या अंतरावर अचेह स्ट्रीटची मस्जिद आहे, १८०८ सालची, सुमात्रातल्या अचेहहून आलेल्या एका अरब वंशाच्या व्यापाऱ्याने बांधलेली. जहाजांच्या काळात आसपासच्या मुलखातले हाजी इथे जमत आणि जेद्दाचे जहाज मिळेपर्यंत याच गल्ल्यांमध्ये राहत. लोक या भागाला दुसरे जेद्दाच म्हणत. आमचे पणजोबा मुंबईच्या मुसाफिरखान्यात थांबून जहाजाने हजला गेले होते, हे मी घरात ऐकलेले. त्या मस्जिदीच्या ओट्यावर बसले की वाटायचे, समुद्राच्या दोन बाजूंनी निघालेली दोन माणसे तिकडे काब्यापाशी एका सफेत उभी राहिली असतील. एक मलय बोलणारा, एक मराठी बोलणारा.

रोजा म्हणजे पुआसा

परदेशी विद्यार्थ्यांसाठी मलयचा वर्ग असायचा. रमजानच्या आधी शिक्षिकेने फळ्यावर एक शब्द लिहिला, 'पुआसा'. अर्थ, रोजा. मी उच्चार दोन-तीनदा केला आणि चमकले. हा तर उपवास! मग एकेक शब्द समोर येत गेला. जन्नतला 'शुर्गा', म्हणजे स्वर्ग. जहन्नमला 'नराका'. गुनाहला 'दोसा', म्हणजे दोष. सवाबला 'पहाला', म्हणजे फळ. आणि दीनला, मजहबला 'आगामा', म्हणजे आगम. पाच वेळ नमाज पढणारी, कुरआन सुरेल वाचणारी, हजसाठी लग्नाआधीपासून पैसे साठवणारी माणसे हे शब्द सहज बोलत होती. त्या शब्दांमुळे त्यांच्या रोजात काही उणे पडत नव्हते.

हे मला एवढे का लागले, ते सांगायला हवे. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठीच बोलली जाते. आमची दादी नमाजनंतर हात उचलून दुआ मागायची ती आमच्या गावच्या बोलीत. पोरांची नावे घेऊन, वाडीतल्या पिकाचे, आजारी म्हशीचेसुद्धा नाव घेऊन. मी लहान असताना घरी आलेल्या एका पाहुण्या बाईंनी तिला टोकले, "दुआ अशी गावठी भाषेत मागतात का? उर्दूत मागावी." दादीला उर्दू येत नव्हती. त्यानंतर कितीतरी दिवस ती दुआ मनातल्या मनात मागत असे. ओठ हलायचे, आवाज यायचा नाही. आम्हा मुलांना वाटायचे, दादी कोणावर तरी रागावली आहे.

दुसऱ्या बाजूचा अनुभव तर तुम्हा सर्वांना असेल. कचेरीत, बँकेत, गाडीत नाव सांगितले की समोरचा म्हणतो, "अरे वा, तुमची मराठी किती छान आहे!" तो कौतुकच करत असतो. पण ज्या भाषेत आपण पहिला शब्द बोललो, ती छान बोलल्याबद्दल शाबासकी मिळाली की मनात काहीतरी खटकते. एकाला आपली मराठी आपल्या दीनला शोभेशी वाटत नाही आणि दुसऱ्याला आपले नाव मराठीला. पिनांगला गेले तेव्हा हे दोन्ही मी माझ्याबरोबर घेऊन गेले होते.

तोकची किताब

माझ्या खोलीतली सोबतीण केदाहची. केदाह म्हणजे बेटासमोरच्या मुख्य भूमीवरचे भाताचे कोठार. २००८ ची ईद एक ऑक्टोबरला होती. ईदला तिकडे सगळा देश आपापल्या गावी जातो. तिने मलाही आपल्या घरी नेले. भाताच्या खाचरांच्या कडेला खांबांवर उभे असलेले लाकडी घर. जेवायला नारळाच्या दुधात आटवलेले रेंदांग आणि पानात बांधून उकडलेला भात, केतुपात. लहान मुलांना ईदी हिरव्या पाकिटातून. सकाळी नमाजहून आल्यावर घरातले सगळे एकेक करून मोठ्यांसमोर गुडघे टेकत, त्यांचा हात हातात घेत आणि म्हणत, 'माआफ झाहिर दान बातिन'. वरवरचे जे चुकले तेही माफ करा आणि आतले, मनातले जे चुकले तेही माफ करा. उर्दू शिकलेल्या मला त्याचा अर्थ कोणी सांगावा लागला नाही. दुपारी शेजारचे चिनी कुटुंब संत्री घेऊन ईदच्या जेवणाला आले.

सोबतिणीची आजी, जिला सगळे 'तोक' म्हणत, ऐंशीच्या पुढची होती. तिला मलय वाचता यायची ती जावी लिपीत. जावी म्हणजे अरबी अक्षरांत लिहिलेली मलय. रोमन अक्षरे तिने कधी शिकली नाहीत आणि तिच्या नातवंडांना जावी अडखळत यायची. तोकच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. उशाशी पिवळ्या पडलेल्या कागदाची एक किताब होती, पिनांगमध्येच छापलेली, रमजानच्या फजीलतीविषयी. वाचून दाखवायला घरात कोणाला सवड नव्हती.

मी किताब उघडली. उर्दू वाचणाऱ्याला जावी फार परकी नाही. 'फे'वर एकाऐवजी तीन नुक्ते दिले की 'प', 'काफ'वर एक नुक्ता दिला की 'ग', 'ऐन'वर तीन दिले की 'ङ'. आपल्या उर्दूनेही गरजेप्रमाणे अशीच नवी अक्षरे घडवली आहेत. मी एकेक अक्षर लावत वाचू लागले. पे, वाव, अलिफ, सीन. "पुआसा," तोक लगेच म्हणाली. शीन, वाव, रे, गाफ. "शुर्गा." मला अक्षर दिसत होते, पण पुष्कळदा अर्थ कळत नव्हता. तिला अर्थ ठाऊक होता, पण अक्षर दिसत नव्हते. मी अर्धा शब्द वाचायचा आणि तिने पुरा करायचा, असे करत आम्ही असरपर्यंत चार पाने वाचली.

असरच्या वेळी एक गंमत झाली. तोक नमाजला 'संबाह्यांग' म्हणाली. हा जुना मलय शब्द. सोबतीण म्हणाली, "तोक, आता सगळे सोलात म्हणतात." सोलात म्हणजे अरबी सलात. तोक हसली आणि म्हणाली, तुम्ही सोलात पढा, मी संबाह्यांग पढते. आणि दोघी शेजारी शेजारी एकाच सफेत उभ्या राहिल्या. आपल्याकडे खुदा हाफिज आणि अल्लाह हाफिज यांवरून किती वाद होतात! त्या घरात तो वाद एका हसण्यात मिटला.

नंतर अभ्यासात तेरेंगानूच्या शिलालेखाविषयी वाचले. चौदाव्या शतकातला हा दगड, मलय भाषा अरबी लिपीत कोरलेला सर्वांत जुना लेख मानला जातो. त्यात इस्लामी कायदे दिले आहेत आणि त्या परवरदिगाराचा उल्लेख 'देवता मुलिया राया' अशा शब्दांत केला आहे. ज्या लोकांपर्यंत दीनचा पैगाम पोहोचवायचा, त्यांना कळणारा शब्द लिहिणाऱ्याने निवडला. अरबी शब्द नंतर हळूहळू रुळले, पण सुरुवात लोकांच्या भाषेतूनच झाली. महाराष्ट्रातही श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' मराठीत लिहिला, तेव्हा ते आपल्या भाषेतच बोलत होते.

आता, इथे

२००९ ला मी परत आले. दादी त्याआधीच्या हिवाळ्यात गेली होती. तोकची गोष्ट मला तिला सांगायची होती, ती राहून गेली. अम्मीला मात्र सगळी सांगितली. ती बराच वेळ काही बोलली नाही. त्या रात्री इशाच्या नमाजनंतर तिने दुआ मागितली ती आमच्या बोलीत आणि मोठ्याने. माझ्या लहान बहिणीचे नाव घेऊन, माझे नाव घेऊन आणि केदाहच्या त्या म्हाताऱ्या बाईच्या डोळ्यांसाठीही.

आता पालक मला शाळेत विचारतात, "मॅडम, घरात मुलांशी उर्दू बोलू की मराठी?" मी दोन्ही शिकवते, म्हणून त्यांना माझ्याकडून निकाल हवा असतो. मी सांगते, ज्या भाषेत तुम्हाला रडता येते, रागावता येते आणि दुआ मागता येते, ती घरात बोला. दुसरी आम्ही शाळेत नीट शिकवू. उर्दू ही फार मोठी दौलत आहे. ती आली म्हणून मी तोकची किताब वाचू शकले. पण नवी दौलत मिळाली म्हणून आईचे दागिने कोणी रस्त्यावर टाकत नाही. मुलीला शिकायला दूर पाठवावे की नाही, असेही काही जण विचारतात. त्यांना मी म्हणते, जवळ कोणी आपले असेल, राहण्याची आणि नमाजची सोय नीट असेल, तर पाठवा. तिथून ती आपल्या घराकडेही नव्या नजरेने बघायला शिकेल.

पिनांगच्या त्या जुन्या बोटी आता थांबल्या, त्यांच्या जागी नव्या आल्या आहेत. माझी सोबतीण केदाहमध्ये शिक्षिका आहे. तिची मुले तिला वर्गात 'चिकगू' म्हणतात, त्यातला 'गू' म्हणजे गुरू. दर ईदला तिचा संदेश येतो, 'माआफ झाहिर दान बातिन', आणि मी तिला मराठीत उत्तर पाठवते. ईदनंतर शाळा उघडली की हे शब्द मी फळ्यावर लिहिते. माफ आणि जाहीर हे दोन्ही मराठीच्या तासाला मुलींना ओळखीचे असतात. बातिन तेवढा उर्दूच्या तासाला समजावून सांगावा लागतो.